आग कुठे, बंब कुठे: तंतुकणिकांवरच्या औषधांची चाळीस वर्षं

काकांच्या औषधांच्या डब्याला सात खण आहेत. चार खणांत लेव्होडोपाच्या गोळ्या, वेळेप्रमाणे: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा. पाचव्यात रासाजिलिन. सहाव्यात पोट साफ व्हायची. सातव्या खणात एक नारिंगी, तेलकट, गुळगुळीत कॅप्सूल असते आणि महिन्याच्या बिलात सगळ्यांत मोठा आकडा तिचाच असतो. को-एन्झाइम क्यू-टेन. दुकानदारानं काकूंना सांगितलं होतं, "मेंदूच्या पेशींची पॉवर वाढते."

काका वीज मंडळात लाइनमन होते. कंपवात (पार्किन्सन्स) होऊन आठ वर्षं झाली. डोस उतरला की उंबरठ्याशी पाय जमिनीला चिकटतात, म्हणून काकूंनी उंबरठ्यावर पिवळी चिकटपट्टी लावली आहे. ती दिसली की पाय उचलला जातो. आवाज बारीक झालाय, पण डोकं शाबूत. एका दुपारी ती कॅप्सूल उजेडात धरून त्यांनी मला विचारलं, "पॉवर वाढते म्हणजे रे काय? फॉल्ट कुठंय ते कुणी बघितलंय का?"

चाळीस वर्षांचं संशोधन, हजारो रुग्ण आणि पडलेल्या औषधांची एक लांबलचक रांग पाहिल्यावर मला वाटतं, एवढा नेमका प्रश्न या क्षेत्रातल्या बऱ्याच मोठ्या लोकांनी फार उशिरा विचारला.

ही 'पॉवर' जिथे तयार होते त्या मायटोकाँड्रियाला मराठी पाठ्यपुस्तकात तंतुकणिका म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल बेंडा यानं १८९८ मध्ये ग्रीक भाषेतले 'धागा' आणि 'दाणा' हे दोन शब्द जोडून हे नाव पाडलं आणि आपल्याकडच्या परिभाषावाल्यांनी ते जसंच्या तसं मराठीत आणलं. असं सरळ नाव शास्त्रीय मराठीत क्वचित मिळतं. पेशीतल्या या कणिका अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन चार प्रथिन-संकुलांच्या साखळीतून हातोहात पुढे देतात, आणि त्या देवाणघेवाणीतून मिळणाऱ्या ताकदीवर प्रोटॉन पडद्यापलीकडे ढकलले जातात. तिकडे साठलेले प्रोटॉन परत येताना एक खरीखुरी फिरणारी चक्की फिरवतात आणि एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, तयार होतो. पीटर मिचेल यांनी ही कल्पना १९६१ मध्ये मांडली, लोकांनी ती बरीच वर्षं हसण्यावारी नेली, आणि १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. काकांना हे सांगताना मी कोयनेचा दाखला दिला. ते म्हणाले, "कोयना नाही, घाटघर. आधी पाणी पंपानं वर चढवायचं आणि मग खाली सोडायचं." मी दुरुस्ती मान्य केली.

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण ऑक्सिजन तो वीस टक्के खातो. त्यातही सगळ्या चेतापेशींची भूक सारखी नसते. कंपवातात ज्या पेशी मरतात त्या मेंदूच्या तळाशी एका काळपट पट्ट्यात असतात आणि डोपामिन तयार करतात. यांतल्या एकेका पेशीच्या फांद्या पसरून दहा लाखांवर जोडण्या करतात असा अंदाज आहे. शिवाय या पेशी कुणी हाक मारली नाही तरी स्वतःहून टिकटिकत राहतात आणि दर ठोक्याला आत कॅल्शियम घेतात. ते बाहेर काढायला पुन्हा वीज हवी. एका ट्रान्सफॉर्मरवर अख्खा तालुका, आणि तोही चोवीस तास. अशा ठिकाणी साखळीत जरा कसर पडली की आधी कोण जाणार, हे उघड आहे.

हे सगळं कागदावरचं अनुमान राहिलं असतं. पण १९८२ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळच्या दवाखान्यांत काही तरुण माणसं पुतळ्यासारखी ताठरलेली आणली गेली. बोलता येत नव्हतं, पापणी लवत नव्हती. आधी वाटलं, वेडाचा झटका असेल. विल्यम लँग्स्टन या मज्जाविकारतज्ज्ञानं त्यांना लेव्होडोपा देऊन पाहिलं आणि ती हलू लागली. सगळे नशेचे रुग्ण होते. घरगुती प्रयोगशाळेत बनवलेलं बनावट हेरॉइन त्यांनी टोचून घेतलं होतं आणि ते बनवताना घाईत एमपीटीपी नावाचं भलतंच रसायन तयार झालं होतं. वीस-तीस वर्षांत होणारा आजार काही दिवसांत. लँग्स्टन यांचा लेख १९८३ मध्ये 'सायन्स'मध्ये आला आणि दोन वर्षांत यंत्रणाही उलगडली. मेंदूतला एमएओ-बी हा एन्झाइम एमपीटीपीचं रूपांतर करून एमपीपी-प्लस बनवतो, डोपामिनच्या पेशी त्याला आपलाच माल समजून आत ओढतात, आणि तो थेट तंतुकणिकांच्या साखळीतल्या पहिल्याच कडीला, कॉम्प्लेक्स-१ ला, कुलूप लावतो.

याच एमपीपी-प्लसचा एके काळी तणनाशक म्हणून विचार झाला होता. त्याच्या रेणूची ठेवण पॅराक्वाटसारखी आहे. पॅराक्वाटवर युरोपात २००७ पासून बंदी आहे. आपल्याकडे ते अजून कायदेशीर आहे आणि पाठीवरच्या पंपातून फवारलं जातं, बहुतेक वेळा हातमोजे-मास्कशिवाय. अमेरिकेत फवारणी करणाऱ्यांच्या मोठ्या गटाच्या २०११ मधल्या अभ्यासात पॅराक्वाट आणि रोटेनोन वापरणाऱ्यांत कंपवाताचं प्रमाण सुमारे २.५ पट आढळलं. हा संबंध आहे, शाबीत झालेलं कारण नव्हे. पण रोटेनोन कॉम्प्लेक्स-१ लाच अडवतं, आणि २००० मध्ये उंदरांना ते हळूहळू देऊन कंपवातासारखी झीज घडवून दाखवली गेली होती. आडसाली ऊस असो की डाळिंबाची बाग, 'औषध मारायचं' हे क्रियापद आपल्या खेड्यात इतकं रुळलेलं आहे की कोणतं औषध, कुणाला मारतं, हा प्रश्न मागे पडतो.

मग खऱ्या रुग्णांकडे पाहिलं गेलं. विषबाधा न झालेल्या, साध्या कंपवाताच्या मृत रुग्णांच्या मेंदूतल्या त्या काळपट पट्ट्यात कॉम्प्लेक्स-१ ची क्षमता कमी आहे, असं लंडनच्या अँथनी शापिरा यांच्या गटानं १९८९ मध्ये दाखवलं. कडी सापडली, कुलूप सापडलं. आता किल्ली तयार करणं तेवढं बाकी आहे, असं सगळ्यांना वाटलं. इथून पुढची कथा त्या वाटण्याची आहे.

पहिली किल्ली सरळ तर्कातून आली. एमएओ-बी अडवला तर एमपीटीपी विष होत नाही, हे प्राण्यांत दिसलं होतं. म्हणून १९८७ मध्ये सुरू झालेल्या 'डेटाटॉप' चाचणीत ८०० नव्या रुग्णांना एमएओ-बी अडवणारं डेप्रेनिल, रोजचं २००० युनिट ई जीवनसत्त्व, दोन्ही किंवा काहीच नाही, असं वाटून दिलं गेलं. ई जीवनसत्त्वाचा काडीचाही उपयोग झाला नाही. डेप्रेनिल घेणाऱ्यांना लेव्होडोपाची गरज काही महिने उशिरा पडली. आनंद झाला, पण लवकरच लक्षात आलं की डेप्रेनिल मुळातच थोडं डोपामिन वाचवतं, म्हणजे लक्षणं कमी करतं. झीज थांबली की नुसती झाकली गेली, हे त्या आराखड्यातून कळायला मार्गच नव्हता. काकांच्या पाचव्या खणातलं रासाजिलिन हे याच घराण्यातलं. त्याच्यासाठी १,१७६ रुग्णांची 'अडाजिओ' चाचणी झाली, जिचा आराखडा मुद्दाम या पेचासाठी रचला होता: अर्ध्या लोकांना औषध आधी, अर्ध्यांना उशिरा, आणि नंतर दोघांत फरक राहतो का पाहायचं. २००९ मध्ये उत्तर आलं: १ मिलिग्रॅमच्या गटात फरक राहिला, २ मिलिग्रॅमच्या गटात राहिला नाही. जास्त औषधानं कमी फायदा? याचं समाधानकारक स्पष्टीकरण कुणाला देता आलं नाही. ते औषध आज लक्षणांसाठी दिलं जातं, आणि त्या कामाला ते बरं आहे.

सातव्या खणातल्या कॅप्सूलची गोष्ट त्याहून शिकवणारी आहे. को-एन्झाइम क्यू-टेन हा साखळीतला निरोप्या: पहिल्या आणि दुसऱ्या संकुलाकडून इलेक्ट्रॉन घेऊन तिसऱ्याकडे पोचवणारा. कंपवातात पहिली कडी अशक्त असेल तर निरोपे वाढवले की काम भागेल, असा हिशेब. २००२ मध्ये क्लिफर्ड शुल्ट्स यांनी ८० रुग्णांवर १६ महिने प्रयोग करून दाखवलं की रोज १,२०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांची अवस्था प्लासिबो, म्हणजे बिनऔषधी गोळी, घेणाऱ्यांपेक्षा बरीच हळू ढासळली: आजार मोजण्याच्या पट्टीवर प्लासिबोत सुमारे १२ गुणांची घसरण, इकडे सुमारे ७. पण ८० रुग्ण चार गटांत वाटले म्हणजे एकेका गटात सरासरी वीस जण. एवढ्या लहान गटात दोनचार माणसं इकडची तिकडे झाली तरी चित्र पालटतं. लेखकांनीही तसं स्पष्ट लिहिलं होतं. पण औषधाच्या बाटलीवर तळटीप छापत नाहीत.

मग ६०० रुग्णांची मोठी चाचणी झाली, १,२०० आणि २,४०० मिलिग्रॅमच्या दोन मात्रांसह. मध्येच हिशेब करून ती बंद करावी लागली, कारण पुढे नेऊनही काही निघणार नव्हतं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे: प्लासिबोत ६.९ गुणांची घसरण, १,२०० मिलिग्रॅममध्ये ७.५, २,४०० मध्ये ८.०. फायदा दूरच, कल उलट्या दिशेला होता, जरी त्याला नुकसान म्हणण्याइतका तो ठोस नव्हता. क्रिएटिनचं तेच. १,७४१ रुग्णांना किमान पाच वर्षं रोज १० ग्रॅम द्यायचं ठरलं, २०१३ मध्ये चाचणी थांबली, निकाल शून्य. हंटिंग्टन या आनुवंशिक आजारातही दोन्ही पदार्थांचा मोठ्या प्रमाणावर प्रयोग झाला आणि दोन्ही पडले. क्यू-टेनला तंतुकणिकेत नेमकं पोचवायची शेपटी लावून तयार केलेलं 'मायटोक्यू' न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात १२८ रुग्णांना वर्षभर दिलं. २०१० मध्ये तेही निष्फळ ठरलं. पत्ता बरोबर लिहिला तरी पाकिटात काय आहे यावर सगळं असतं.

अल्झायमरच्या वाट्याला डिमेबॉन आलं. रशियात ॲलर्जीसाठी वापरलेलं जुनं औषध. तंतुकणिकांचा पडदा फुटण्यापासून वाचवतं, असा दावा. २००८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये १८३ रशियन रुग्णांवरचे निकाल इतके छान आले की सगळे चकित झाले. २०१० च्या मार्चमध्ये मोठ्या चाचणीत ते प्लासिबोपेक्षा काडीनं सरस नव्हतं. खरं तर अल्झायमरच्या रुग्णांचा मेंदू ग्लुकोज कमी वापरतो हे स्कॅनवर फार लवकर दिसतं, आणि रसेल स्वर्डलो यांनी २००४ पासून 'तंतुकणिका आधी बिघडतात, अमिलॉइड (मेंदूत साचणारं प्रथिन) मागून' अशी बाजू नेटानं मांडली आहे. पण विस्मृतीच्या आजारात ऊर्जेची ही घट कारण की परिणाम, हा वाद मिटलेला नाही. माझं मत विचाराल तर बहुतेक रुग्णांत ती दोन्ही आहे, आणि म्हणूनच तिच्यावर एकट्या औषधाचा भार टाकणं अवघड आहे.

हात-पाय-जीभ चालवणाऱ्या चेतापेशी मरतात तो एएलएस हा आजार या यादीत सगळ्यांत निर्दय. तिथे लोक थांबू शकत नाहीत, त्यामुळे नियामकही हात थोडा सैल सोडतात. जपानात पक्षाघातासाठी २००१ पासून वापरात असलेलं एडाराव्होन हे फ्री रॅडिकल, म्हणजे पेशीला इजा करणारे अस्थिर रेणू, टिपणारं औषध २०१७ मध्ये अमेरिकेत एएलएससाठी मंजूर झालं, तेही १३७ काटेकोरपणे निवडलेल्या रुग्णांवरच्या २४ आठवड्यांच्या निकालावर. मग आलं रेलिव्हरिओ, दोन औषधांचं मिश्रण. त्यातलं टॉरअर्सोडायॉल तंतुकणिकांना मरणाचा इशारा देण्यापासून रोखेल, अशी कल्पना. योगायोगानं इथेही १३७ रुग्ण. सप्टेंबर २०२२ मध्ये मंजुरी मिळाली, किंमत वर्षाला दीड लाख डॉलरच्या वर. मार्च २०२४ मध्ये ६६४ रुग्णांच्या चाचणीत ते सपशेल नापास झालं आणि पुढच्याच महिन्यात कंपनीनं ते बाजारातून मागे घेतलं. 'मोठी चाचणी फसली तर औषध मागे घेऊ' असा शब्द तिनं मंजुरीच्या वेळीच दिला होता आणि तो पाळला. औषधांच्या धंद्यात हे इतकं विरळ आहे की नोंदवून ठेवावंसं वाटतं.

इतक्या वेळा का पडलो? मला चार कारणं पटतात, पण ती सारख्या वजनाची नाहीत. उशीर हे सगळ्यांना माहीत असलेलं. कंपवाताचं पहिलं लक्षण दिसतं तोवर त्या काळ्या पट्ट्यातल्या पेशींचा मोठा हिस्सा गेलेला असतो आणि उरलेल्यांच्या फांद्याही सुकलेल्या असतात. दुसरं, उंदीर. एमपीटीपीनं तीन दिवसांत आडवा झालेला उंदीर आणि वीस वर्षं झिजणारा माणूस यांत अंतर फार. आधी औषध देऊन मग विष दिलं की बहुतेक काहीही उंदराला वाचवतं. तिसरं, फ्री रॅडिकल हे नुसते गुंड नव्हेत. पेशी त्यांच्यामार्फत निरोपही पाठवते, स्वतःची सफाईयंत्रणा सुरू करते. बाहेरून ओतलेली अँटीऑक्सिडंट त्या निरोपांवरही बोळा फिरवतात.

चौथं कारण काकांचं. औषध मेंदूत पोचलं का, पोचून तंतुकणिकांत काही बदललं का, आणि मुळात या रुग्णाच्या तंतुकणिका बिघडल्या होत्या का, यांतलं जवळपास काहीच त्या मोठ्या चाचण्यांत मोजलं गेलं नाही. नॉर्वेत बर्गनच्या खारालाम्पोस त्सुलिस यांच्या गटानं कंपवाताच्या रुग्णांचे मेंदू तपासले, तेव्हा कॉम्प्लेक्स-१ ची मेंदूभर पसरलेली उणीव साधारण एक चतुर्थांश रुग्णांतच आढळली. हे खरं असेल तर क्यू-टेनच्या ६०० रुग्णांपैकी साडेचारशेंच्या घरी दिवा गेलेलाच नव्हता. पंखा बिघडला होता, नळ गळत होता, आणि आपण सगळ्यांना एकच फ्यूज बदलून देत होतो.

याचा अर्थ तंतुकणिकांचा संशय चुकीचा होता असा नाही. उंदराच्या फक्त डोपामिन-पेशींतलं कॉम्प्लेक्स-१ निकामी केलं तर हळूहळू वाढणारा कंपवात होतो, हे जेम्स सर्मायर यांच्या शिकागोतल्या गटानं २०२१ मध्ये दाखवलं आहे. जिथे फॉल्टचा पत्ता नेमका ठाऊक आहे तिथे औषधांनीही काही करून दाखवलं आहे. यश छोटं आहे, पण माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यांत भरवशाचा भाग हाच.

फ्रीडराइख अटॅक्सिया घ्या. शाळकरी वयात चाल डगमगू लागते, मग हात, बोलणं, शेवटी हृदय. १९९६ मध्ये कारण सापडलं: एका जनुकात जीएए ही तीन अक्षरं शेकडो वेळा पुन्हा पुन्हा आलेली, आणि त्यामुळे फ्रॅटॅक्सिन हे प्रथिन पुरेसं तयार होत नाही. त्याचं काम तंतुकणिकेत लोह-गंधकाचे छोटे गट जुळवायचं. ते नसले की साखळीतल्या कड्याच अपुऱ्या बनतात. क्यू-टेनचं भावंड असलेलं आयडेबेनोन इथेही फसलं. मग ओमाव्हेलोक्सोलोन आलं. ते बाहेरून काही पुरवत नाही. पेशीतल्या एनआरएफ-२ या मुकादमाला मोकळं करतं आणि तो घरातलीच शेकडो संरक्षक जनुकं कामाला लावतो. १०३ रुग्ण, ४८ आठवडे, आणि अटॅक्सियाच्या पट्टीवर २.४ गुणांचा फरक. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. २.४ गुण म्हणजे आजार बरा झाला असं नव्हे. साधारण वर्षभराची घसरण वाचली असं समजा. वर्षाचा खर्च मात्र सुमारे ३ लाख ७० हजार डॉलर. हा आजार भारतातही आहे. इथल्या कोणत्या आईबापांना हा आकडा कामाचा आहे?

दुसरं उदाहरण लेबरच्या अंधत्वाचं. तरुण मुलांची दृष्टी काही आठवड्यांत जाते, आधी एक डोळा, मग दुसरा. तंतुकणिकांना स्वतःचा छोटासा डीएनए असतो, १६,५६९ अक्षरांचा, ३७ जनुकांचा, आणि तो फक्त आईकडून येतो. त्यातल्या ११,७७८ व्या अक्षरातल्या एका चुकीनं हे होतं, हे डग्लस वॉलेस यांनी १९८८ मध्ये दाखवलं. इथे आयडेबेनोनला २०१५ मध्ये युरोपात मंजुरी मिळाली, चाचणीचा मुख्य निकष न गाठताही, कारण काही रुग्णांना खरंच दिसू लागलं. एकच रेणू फ्रीडराइखमध्ये नापास आणि इथे काठावर पास. जनुक-उपचाराची कथा तर चक्रावणारी. योग्य जनुक विषाणूत भरून एकाच डोळ्यात टोचलं, दुसऱ्यात नुसतं नाटक, आणि २०२० मध्ये आलेल्या निकालात दोन्ही डोळ्यांना थोडं थोडं दिसू लागलेलं. तुलनेसाठी ठेवलेला डोळाच सुधारला, त्यामुळे औषध चाललं हे कागदावर सिद्ध करता येईना. माकडांवरच्या प्रयोगात टोचलेल्या जनुकाचे अंश दुसऱ्या डोळ्यातही सापडले, एवढं कळलं आहे.

आता बिघडलेल्या तंतुकणिका हटवणाऱ्या सफाईकडे. मला वाटतं पुढची खरी वाट इकडून जाते. कंपवात लहान वयात होणाऱ्या घराण्यांत १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी पार्किन हे जनुक शोधलं, २००४ मध्ये पिंक-१ सापडलं. दोघांचा संबंध काय? २००६ मध्ये फळमाश्यांनी उत्तर दिलं. पिंक-१ नसलेल्या माशीचे पंख लोंबतात, उडता येत नाही; तिला जादा पार्किन दिलं की पंख परत सावरतात. म्हणजे पिंक-१ साहेब, पार्किन शिपाई. २००८ मध्ये रिचर्ड यूल यांच्या प्रयोगशाळेत पेशींतला प्रसंगच पकडला गेला. निरोगी तंतुकणिका पिंक-१ ला आत ओढून घेऊन कापून टाकते. बिघडलेलीला ते जमत नाही, म्हणून तो दारातच साचतो आणि पार्किनला बोलावतो. पार्किन दारावर खुणा मारतो, आणि खुणा पाहून पेशीतली घंटागाडी ती अख्खी कणिका उचलून नेते. ही घंटागाडी यायची थांबली की गल्लीत काय होतं ते सांगायला नको.

खुणा पुसणारा यूएसपी-३० हा एन्झाइम अडवायचा, किंवा पिंक-१ ला उत्तेजन द्यायचं, अशी औषधं माणसांवरच्या पहिल्या चाचण्यांपर्यंत पोचली आहेत. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियन गटानं मानवी पिंक-१ बिघडलेल्या कणिकेच्या दारात कसा बसतो याची रचनाही दाखवली. औषध बनवणाऱ्यांना कुलपाचा फोटो मिळाला असं म्हणा.

याच सफाईला चालना देणारं युरोलिथिन-ए हे द्रव्य डाळिंबातल्या घटकांपासून आपल्या आतड्यातले जिवाणू बनवतात. २०१९ मध्ये माणसांत ते सुरक्षित असल्याचं आणि उंदीर-कृमींत अल्झायमरसारखी झीज कमी करत असल्याचं दाखवणारे लेख आले. सांगोल्याच्या एका नातेवाइकानं हे वाचून लगेच फोन केला: आता डाळिंबाचे भाव वाढणार का? घाई नको. ते बनवणारे जिवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात, आणि माणसाच्या मेंदूच्या आजारात ते उपयोगी पडतं हे अजून कुणी दाखवलेलं नाही. डाळिंब चांगलं फळ आहे, त्याला औषध व्हायची गरज नाही.

मोजून मग द्यायचं, ही रीत आता सुरू झाली आहे. शेफील्डमध्ये कंपवाताच्या रुग्णांच्या त्वचेतल्या पेशींवर सुमारे २,००० औषधं एकेक करून टाकून पाहिली, त्यांत यकृताच्या आजारात पूर्वापार दिलं जाणारं युडीसीए वर आलं. मग ३० रुग्णांच्या ४८ आठवड्यांच्या चाचणीत काहींना ते, काहींना प्लासिबो दिलं आणि खास स्कॅननं मेंदूतला एटीपी प्रत्यक्ष मोजला. २०२३ चा निकाल: सुरक्षित, आणि ऊर्जेचे आकडे योग्य दिशेला. बर्गनमध्ये ३० रुग्णांच्या महिनाभराच्या चाचणीत काहींना बी-३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार देऊन मेंदूतलं एनएडी, म्हणजे ऊर्जा बनवायला लागणारं सहद्रव्य, मोजलं. बहुतेकांचं वाढलं, सगळ्यांचं नव्हे. त्यावरून ४०० रुग्णांची वर्षभराची चाचणी हाती घेतली गेली. ड्यूक विद्यापीठात २०२३ मध्ये रक्तातल्या पेशींवरून तंतुकणिकांच्या डीएनएची इजा मोजणारी तपासणी दाखवली गेली. या तिन्हींत चमत्कार कुठेच नाही. पण मीटर लावल्याशिवाय खांबावर चढायचं नाही, ही लाइनमनची शिस्त प्रथमच दिसते आहे.

यापैकी आज काकांना काय? एक गोष्ट आहे, आणि तिला पेटंट नाही. २०१८ मध्ये १२८ नव्या रुग्णांच्या अभ्यासात, हृदयाचे ठोके कमाल मर्यादेच्या ८० ते ८५ टक्क्यांपर्यंत नेणारा ट्रेडमिलचा व्यायाम करणाऱ्यांची हालचालीची पट्टी सहा महिन्यांत जवळपास जागेवर राहिली. नेहमीच्या उपचारातल्यांची सुमारे ३ गुणांनी घसरली. अभ्यास छोटा आहे, मोठा सुरू आहे, आणि क्यू-टेनच्या ८० रुग्णांनी आपल्याला पोळलेलं आहे, हे विसरून चालणार नाही. तरीही व्यायामानं स्नायूंत नव्या तंतुकणिका तयार होतात हे पक्कं आहे, आणि त्याचे दुष्परिणाम म्हणजे घाम. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभांना लोक जमतात, व्यायाम करतात, नाचतातही. काकांना नाच मंजूर नाही. ते गच्चीवर पाण्याच्या टाकीभोवती फेऱ्या मारतात, डोस चढलेला असताना, मनगटावर नातवाचं घड्याळ बांधून. ठोके १२० च्या वर गेले की खाली हाक मारून सांगतात.

क्यू-टेन त्यांच्या डॉक्टरांना विचारून बंद केलं. लेव्होडोपा एक दिवसही चुकवायची नाही, हे त्याच वेळी पुन्हा बजावून घेतलं. सातवा खण रिकामा आहे. काकू त्यात त्यांच्या कानातल्या मशीनचे सेल ठेवतात.